आधी छप्पर, मग भिंती, शेवटी कपाटे : दापोलीकडच्या एका घराच्या दुरुस्तीच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२३

भाऊबीज आटोपून घरातली मंडळी आपापल्या गावी परतली, तेव्हा थोरल्या काकांनी आणि मी घराची आतून-बाहेरून पाहणी करून कामांची पहिली यादी केली. घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, सुपारीच्या वाडीत आहे. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, पुढे ओटी, मध्ये माजघर आणि देवघर, मागे स्वयंपाकघर, त्यापलीकडे न्हाणीघर आणि दोन्ही अंगांना पडव्या अशी त्याची मांडणी आहे. छपराच्या पुढच्या पाख्यावर, म्हणजे उतारावर, मंगलोरी कौले आहेत. मागच्या पाख्याची निम्म्याहून अधिक कौले ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात गेली आणि त्या टाळेबंदीच्या दिवसांत मिळतील ते पत्रे टाकून वेळ निभावून नेण्यात आली. ते पत्रे आजही तसेच आहेत. खाऱ्या वाऱ्याने खिळ्यांभोवती त्यांना भोके पडली आहेत आणि कडांचे पापुद्रे सुटत आहेत.

यादीत चुलत भावंडांनी सुचवलेल्या गोष्टीही लिहून घेतल्या : मॉड्युलर स्वयंपाकघर, माजघराला जिप्समचे छत, सगळीकडे चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी. त्या खोडलेल्या नाहीत, परंतु यादीच्या तळाशी ठेवल्या आहेत. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जेथे पडतो, तेथे कामाचा क्रम पाणी ठरवते. म्हणून आधी छप्पर, मग भिंती, त्यानंतर जमीन आणि वीज, आणि सर्वांत शेवटी सामान, असा क्रम आम्ही ठरवला. मृग लागण्याआधी घर वरून बंद झाले पाहिजे, ही एकच तारीख न हलणारी आहे. बाकीच्या तारखा कोकणात कोणीच मनावर घेत नाही.

२ डिसेंबर २०२३

कागदपत्रांत आठवडा गेला. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या, उताऱ्यावर आजोबांच्या मागे चार वारसांची नावे लागलेली आहेत. त्यामुळे दुरुस्तीला सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमती आणि खर्चाच्या वाटणीचा कागद असल्याशिवाय एकही कौल काढायचे नाही, असे काकांनी बजावले होते. गावात अर्ध्यावर थांबलेली घरे पाहिली की त्यांचे म्हणणे पटते. छप्पर उतरवल्यानंतर भावकीत वाद निघाला आणि पुढचे तीन पावसाळे भिंतींनी उघड्यावर काढले, असे घर आमच्याच वाडीत आहे.

दुसरा प्रश्न किनारपट्टी नियमनाचा होता. आमचे घर भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या आत येते. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेनुसार, दाट वस्ती नसलेल्या ग्रामीण किनाऱ्यावर हा पट्टा ना-विकास क्षेत्रात मोडतो. तथापि तेथील अधिकृत जुन्या बांधकामाची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी, जोत्याचे क्षेत्रफळ आणि चटईक्षेत्र न वाढवता, करता येते. या अटीमुळे एका चुलत भावाचा खोलीला जोडून नवे न्हाणीघर काढण्याचा आग्रह आपोआप निकालात निघाला. जोते आहे तेवढेच राहणार. जे करायचे ते त्याच्या आत. जुन्या घरपट्टीच्या पावत्या, उतारा, चारही बाजूंची छायाचित्रे आणि जोत्याची मापे एका फायलीत लावून ती ग्रामपंचायतीत दिली.

२१ डिसेंबर २०२३

मागच्या पाख्यावरचे पत्रे उतरवले. पत्रे उतरवायला एक सकाळ लागली. खालची लाकडे पाहण्यात पुढचे दोन दिवस गेले.

सुतारकाका आमच्या घरी आजोबांच्या काळापासून येतात. त्यांनी शिडीवर चढून हातोडीच्या दांड्याने एकेक वासा ठोकायला सुरुवात केली आणि मला खाली उभे करून खडूने खुणा करायला लावल्या. "ताई, नुसतं बघू नका, आवाज ऐका," असे ते म्हणाले. निरोगी वासा खणखणीत बोलतो; वाळवीने खाल्लेला वासा वरून तसाच दिसतो, पण त्याचा आवाज बसका येतो. न्हाणीघराच्या बाजूच्या एका वाशावर त्यांनी जरा जोरात ठोका मारला, तेव्हा त्याची वरची कातडी पापडासारखी मोडली आणि आतून माती सांडली. लाकूड जवळजवळ नव्हतेच. वाशाचे भिंतीत बसणारे टोक मोकळे केल्यावर वाळवीची वाटही सापडली : पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची नळी सिमेंटच्या गिलाव्यामागून, चिऱ्यांच्या सांध्यांतून जोत्यापासून थेट आढ्याच्या दिशेने चढत गेली होती. बाहेरून पाहणाऱ्याला तिचा पत्ताही लागला नसता.

एक गोष्ट विशेष लक्षात आली. स्वयंपाकघरावरचे वासे, जे सगळ्यांत जुने आणि काजळीने काळे झालेले आहेत, ते जवळपास सगळे शाबूत निघाले. जेथे रोज चूल पेटत होती तेथे धुराने लाकूड राखले. जेथे धूर पोचला नाही तेथे कीड लागली. चूल बंद होऊन गॅस आल्याला आता पंचवीस-तीस वर्षे होत आली, म्हणजे हे संरक्षणही यापुढे गृहीत धरता येणार नाही. काकूंनी मागच्या पडवीत पाणचूल (अंघोळीचे पाणी तापवायची चूल) चालू ठेवण्याचा आग्रह धरला आहे आणि मला तो केवळ हौसेचा वाटत नाही.

६ जानेवारी २०२४

लाकडाचा हिशेब केला. वाशांसाठी किंजळ आणि ऐन, तुळईच्या एका तुकड्यासाठी साग, आणि रिपांसाठी (कौले ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्यांसाठी) जुन्याच घरांतून निघालेले साग, असे ठरले. वाडीतला उभा फणस तोडण्याची सूचना कोणीतरी केली, ती मान्य केली नाही. फणस हा महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीतील वृक्ष आहे, त्यामुळे परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. आणि परवानगी मिळाली तरी आज तोडलेले ओले लाकूड या हंगामात कपाटाच्या कामाचे नाही. सुदैवाने चक्रीवादळात पडलेल्या मोठ्या फणसाच्या फळ्या तेव्हाच कापून गोठ्याच्या माळ्यावर रचून ठेवलेल्या आहेत. त्यांना साडेतीन वर्षांचा वारा मिळाला आहे. घरातले नवे सामान त्यातूनच करायचे, हे आज पक्के झाले.

२० जानेवारी २०२४

वखारीतून आलेल्या वाशांपैकी बरेच ओले निघाले. "वर्षभर वाळलेला माल" असा शब्द मिळाला होता आणि बिलही त्याच भावाने लावले होते. ओलावा मोजण्याच्या यंत्राचे दोन काटे लाकडात खुपसले, तेव्हा पृष्ठभागाजवळ आकडा बरा दिसला. सुतारकाकांनी एक वासा मधोमध कापून आतल्या ताज्या कापावर पुन्हा मोजायला सांगितले, आणि तेथे तो जवळजवळ दुप्पट आला. माल परत गेला; वाहतुकीचा भुर्दंड मात्र आम्हालाच बसला. लाकूड घेताना यंत्र जवळ असेल तर ते टोकावर किंवा सालीकडच्या बाजूवर न लावता नव्या कापावर लावावे, आणि यंत्र नसेल तर सुतार बरोबर न्यावा. दुसरा उपाय अधिक खात्रीचा आहे.

४ फेब्रुवारी २०२४

बदललेला माल आला आणि वासे चढले. त्याच वेळी खाली भिंतींचे काम सुरू केले, कारण या दोन कामांना माणसे वेगवेगळी लागतात.

भिंतींची दुखणी छपरापेक्षा जुनी आहेत. सुमारे तीस वर्षांपूर्वी घर "पक्के" करण्यासाठी आतून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइलपेंट लावला गेला. तेव्हापासून दर पावसाळ्यात जोत्यापासून कमरेच्या उंचीपर्यंत रंग फुगतो, पोपडे पडतात आणि खाली पांढरी भुकटी साठते. दर दिवाळीला तो भाग खरवडून पुन्हा रंगवला जातो. भुकटी म्हणजे लोणा. जांभा सच्छिद्र दगड आहे. जमिनीतला ओलावा तो वर ओढतो आणि त्याबरोबर मातीतले व खाऱ्या हवेतले क्षारही वर येतात. भिंत उघडी असेल किंवा तिला चुन्याचा गिलावा असेल, तर पाणी पृष्ठभागातून उडून जाते आणि क्षार वर येऊन झाडून टाकता येतात. सिमेंट आणि ऑइलपेंटचा थर ही वाट अडवतो. मग पाणी आणखी वर चढते, क्षारांचे स्फटिक गिलाव्याच्या मागेच वाढतात आणि त्यांच्या दाबाने गिलावा भिंतीपासून सुटतो. दरवर्षी रंगावर केलेला खर्च म्हणजे रोग सोडून पोपड्यांवर केलेला इलाज होता.

म्हणून जलरोधक रसायन लावण्याचा सल्ला (तो तीन निरनिराळ्या लोकांनी दिला आणि तिघांकडेही विकायला वेगवेगळे डबे होते) बाजूला ठेवून सगळा सिमेंटचा गिलावा काढायला घेतला. हे काम रटाळ आणि धुळीचे आहे. छिन्नी तिरकी धरावी लागते. सरळ मारली तर सिमेंटबरोबर चिऱ्याचा तुकडाही येतो. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागून घट्ट होतो, पण तो घट्टपणा वरच्या सालीपुरता जास्त असतो. ती साल गेली की आतला दगड भुसभुशीत लागतो. गवंड्याच्या हाताखालच्या मुलाला हे समजावून सांगण्यात पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी तो इतरांना समजावत होता.

उघडी झालेली भिंत निदान महिनाभर तशीच सुकू द्यायची आहे. दरम्यान चुना विरवायला टाकला. परसात खड्डा घेऊन त्यात पाणी भरून भाजलेली चुनकळी थोडीथोडी सोडली, तेव्हा पाणी खदखदू लागले आणि काकांनी वाडीतल्या सगळ्या मुलांना तेथून हाकलले. तो चुना पाण्याखाली जितका जास्त दिवस राहील तितका लोण्याच्या वळणावर जातो. गिलाव्यासाठी त्यात नदीची धुतलेली वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, मिसळणार आहोत. सुरखीमुळे चुना ओलसर जागीही धरतो, आणि आमच्याकडे कोरडी जागा जून ते सप्टेंबर या काळात शोधूनही सापडत नाही. किनाऱ्यावरची वाळू फुकट आणि जवळ असली तरी तिच्यात मीठ असते. ती भिंतीला लावणे म्हणजे हाताने लोणा लावणे, शिवाय ती उचलणे बेकायदेशीर आहे. ती भरून आणू का, असे एका ट्रॅक्टरवाल्याने विचारले होते.

२५ फेब्रुवारी २०२४

वाळवीचा बंदोबस्त. उभ्या घरात हा उपचार कसा करावा यासाठी भारतीय मानक ६३१३ चा तिसरा भाग आहे. त्याप्रमाणे भिंतीच्या कडेने जमिनीत सुमारे फूटभर अंतरावर बारीक छिद्रे पाडून औषध सोडतात. फवारणीच्या माणसाने सरसकट घराभोवती चर खणून औषध ओतण्याची तयारी केली होती, त्याला थांबवले. घराच्या ईशान्येला आमची पिण्याच्या पाण्याची विहीर आहे आणि जांभ्याच्या जमिनीत पाणी भेगांतून कोठून कोठे जाईल याचा भरवसा नसतो. त्यामुळे विहिरीकडच्या पूर्ण बाजूला औषध वापरले नाही. तेथे भिंतीलगतची माती खाली घेऊन जोत्याचा चिरा उघडा ठेवला, म्हणजे वाळवीची नळी चढू लागली तर ती डोळ्याला दिसेल आणि केरसुणीने मोडता येईल.

भिंतीत बसणाऱ्या वाशांच्या टोकांना काजूच्या टरफलाचे तेल दोन हात लावले. ते काळे, दाट आणि अंगावर उडाले तर फोड आणणारे असते. हातमोजे घालूनही एकाच्या मनगटावर पट्टा उठलाच.

१५ मार्च २०२४

कौलांचा घोळ. मागच्या पाख्यासाठी साधारण दीडशे कौले शंभर चौरस फुटांना, या हिशेबाने नवी कौले मागवली होती. ती आली, दिसायला उत्तम होती, एकमेकांत चांगली बसत होती. आमच्या जुन्या कौलांत मात्र बसेनात. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि त्या नमुन्यावर पुढे ठिकठिकाणी कारखाने निघाले, पण प्रत्येकाचा साचा सुतासुताने वेगळा राहिला. आमच्या जुन्या कौलांच्या पोटावर अर्धवट पुसलेला शिक्का आहे. त्यांच्या खाचा नव्या कौलांच्या खाचांपेक्षा किंचित अरुंद आहेत. एका ओळीत दोन जातींची कौले मिसळली तर खाच उघडी राहते आणि झडीचे पाणी नेमके तेथून आत येते.

दुकानदाराने नमुना पाहूनच माल दिला होता, तरी आता परत घेण्यास नकार दिला. एक संपूर्ण दिवस वाद घालून झाल्यावर काकांनी सरळ तोड काढली. मागच्या पाख्यावर उरलेली आणि पुढच्या पाख्यावरची जुनी कौले एकत्र करून, फुटकी वगळून, ती सगळी पुढे लावायची. मागचा पाखा संपूर्ण नव्या कौलांचा करायचा. दोन्ही जाती फक्त आढ्यावर एकमेकींना भेटतील आणि तेथे आढ्याची कौले चुन्यात बसवलेली असतात. यासाठी पुढचा पाखाही उतरवावा लागला, जे अंदाजपत्रकात नव्हते. परंतु त्या निमित्ताने तिकडचे वासेही ठोकून पाहता आले आणि त्यांतले तीन बदलले. रिपांची अंतरे मात्र दोन्ही बाजूंना वेगवेगळी ठेवावी लागली. प्रत्येक जातीची चार-पाच कौले आधी जमिनीवर मांडून, खाच खाचेत बसवून मगच रीप ठोकायची, हे सुतारकाकांनी कोणालाही चुकवू दिले नाही.

वळचणीच्या आणि दोन्ही टोकांच्या ओळींतील कौले तांब्याच्या तारेने रिपांना बांधली आहेत. कौलाच्या पोटाशी यासाठी भोक असलेला उंचवटा असतो, पण तो कोणी वापरत नाही. वारा कडेच्या कौलाखाली शिरतो आणि तेथूनच ओळ उचलतो. लोखंडी तार दोन पावसाळ्यांत गळून पडली असती.

पत्रेच का ठेवले नाहीत, हा प्रश्न येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने विचारला. तो रास्त आहे. आमच्या भागात लोक पत्र्याकडे वळले ते स्वस्ताईपेक्षा माकडांमुळे. टोळी आंब्यावरून छपरावर उतरली की एका दुपारी वीस-पंचवीस कौले फुटतात आणि कौले परतायला माणूस मिळत नाही. आम्ही छपरावर आलेल्या फांद्या उतरवल्या आहेत आणि प्रत्येक जातीची शंभरेक कौले गोठ्यामागे उभी रचून ठेवली आहेत. पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये माजघरात बसवत नाही, पावसात बोललेले ऐकू येत नाही आणि खारा वारा त्याला खातोच. कौल फुटले तर एक फुटते, ते एकट्याला बदलता येते. पत्रा उडाला तर शेजाऱ्याच्या सुपारीत जाऊन पडतो.

२७ मार्च २०२४

शिमग्यामुळे काम बंद. पालखी घरी यायची असल्याने खळ्यातली, म्हणजे पुढच्या अंगणातली, वाळू, चिरे आणि लाकडे एका दिवसात मागे हलवली. एरवी हेच काम पंधरा दिवस सांगून होत नव्हते.

१४ एप्रिल २०२४

आंब्याची तोड सुरू झाल्यापासून माणसे मिळेनाशी झाली आहेत. बागेतली मजुरी जास्त आणि दुपारच्या जेवणासह असते, तेव्हा त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आठवड्यातले तीन दिवस गवंडी येतो, तेवढ्यात चुन्याचा गिलावा माजघरापर्यंत पोचला. चुना सावकाश धरतो. थर पातळ द्यायचा, गोणपाट भिजवून टांगायचे, उन्हाचा थेट कवडसा पडू द्यायचा नाही. सिमेंटची सवय असलेल्या गवंड्याला हा धीर धरवत नाही आणि रोज सकाळी तो बोटाने दाबून "अजून ओलाच आहे" असे निराशेने सांगतो.

जमिनीचा निर्णय झाला. ओटी आणि माजघरातला लाल कोबा ठेवायचा, फुटलेले भाग कापून नव्याने घोटायचे. फरशी फक्त न्हाणीघरात आणि स्वयंपाकाच्या ओट्यामागे लावायची. गुळगुळीत फरशीला पावसाळ्यात घाम येतो. दमट हवा थंड पृष्ठभागावर पाणी धरते आणि ते पाणी जिरायला जागा नसल्याने चालताना पाय सरकतो. घरात ऐंशी पार केलेली आजी आहे, एवढे कारण पुरेसे होते. कोब्याच्या नव्या तुकड्यांचा लाल रंग जुन्याशी जुळला नाही. तो जुळणारही नाही, आणि एका चुलत बहिणीने त्याबद्दल व्यक्त केलेली नाराजी येथे नोंदवून ठेवतो आहोत.

२९ एप्रिल २०२४

वीज. जुनी वायर माळ्यावर उंदरांनी जागोजाग कुरतडली होती. आजवर आग लागली नाही हे नशीब. सगळी नवी वायर पाइपातून नेली आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी कळ, बसवली. अर्थिंगचा खड्डा न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळ घेतला, कारण जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि तेथे अर्थिंग नावापुरतेच राहते. भिंतीत खाचा न पाडता पाइप वरूनच नेले आहेत. दिसायला ते फारसे देखणे नाहीत.

१८ मे २०२४

घर वरून बंद झाले, भिंतींना चुन्याचा दुसरा हात झाला, आणि सामानाला सुरुवात झाली. यादीच्या तळाशी ठेवलेल्या गोष्टी आता वर आल्या.

जिप्समच्या छताचा विषय फार काळ टिकला नाही. कौलारू छपराखाली ते लावले की वर साचलेल्या काळोख्या पोकळीत उंदीर, वाळवी आणि गळती यांपैकी काय चालले आहे ते कळायला मार्ग राहत नाही. मॉड्युलर स्वयंपाकघरावर मात्र बरीच चर्चा झाली. शेवटी कडप्प्याचा ओटा, त्याखाली कडप्प्याचेच कप्पे, आणि त्यांना फणसाच्या पट्ट्यांची जाळीदार दारे असा तोडगा निघाला. सरकत्या खणांची लोखंडी पट्टी समुद्रकाठी टिकत नाही, आणि भुश्याच्या दाबीव फळीला एकदा कडेने पाणी लागले की ती फुगते. जेथे प्लायवूड अपरिहार्य होते तेथे भारतीय मानक ७१० चे मरीन प्लाय घेतले आणि कापलेली प्रत्येक कड रंगाने बंद केली.

फणसाच्या फळ्या रंधल्यावर आतून हळदीसारखा पिवळा रंग निघाला. उजेडात तो हळूहळू तांबूस होत जाईल. त्यातून एक फडताळ, दोन पलंग आणि ओटीवरच्या झोपाळ्याची फळी झाली. फडताळ भिंतीपासून चार बोटे दूर, पायांवर उभे आहे आणि त्याच्या पाठीला अखंड फळी न देता फटी ठेवून पट्ट्या मारल्या आहेत. सुतारकाकांना आधी हे अर्धवट काम वाटले. मग त्यांनीच आठवण काढली की जुन्या घरात कपडे पेटाऱ्यापेक्षा दांडीवर जास्त बरे राहत. पॉलिशवाल्याला लाखेचे पॉलिश करायचे होते. ते दमट हवेत पांढरे पडते, म्हणून जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत; वाळताना ती स्वतःहून तापतात आणि पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवली आणि मग बंबात जाळली.

बिजागऱ्या, कड्या आणि झोपाळ्याच्या साखळ्या पितळेच्या घेतल्या. बाजारात मिळणाऱ्या स्टेनलेस स्टीलवर, म्हणजे ३०४ प्रतीवर, आमच्याकडे वर्षभरात तांबूस ठिपके येतात. मॉलिब्डेनम असलेली ३१६ प्रत चांगली टिकते, पण ती मागवावी लागते आणि मे महिन्यात थांबायला वेळ नव्हता. न्हाणीघराच्या दारापुरती ती मागवली आहे.

९ जून २०२४

६ तारखेला मोसमी पाऊस रत्नागिरीत पोचल्याचे हवामान विभागाने जाहीर केले. पडवीच्या पश्चिम बाजूला झाप (विणलेल्या झावळ्यांचे आडोसे) बांधून झाले आहेत. पहिल्या सरींत गळती नाही. पहिल्या सरींवरून काही ठरवायचे नसते.

१९ जुलै २०२४

१४ तारखेला खेडजवळ दिवाणखवटीच्या बोगद्यापाशी दरड आली आणि कोकण रेल्वे बंद पडली, त्यामुळे ठाण्याहून निघायला उशीर झाला. पोचलो तेव्हा सलग आठवडाभराचा पाऊस घराने झेललेला होता, म्हणजे परीक्षेचा निकाल तयार होता.

माजघरात एका ठिकाणी आणि देवघराच्या दाराशी एका ठिकाणी पाणी आले होते. देवघरापाशी कौलाला केसाएवढी चीर होती. माजघरातले कौल नुसते वाऱ्याने सरकले होते. काकांनी टोकाला चिंधी गुंडाळलेला लांब बांबू घेतला, खालूनच ते कौल हलके वर उचलले, मनगटाने जरा डावीकडे दिले आणि खाली सोडले. खाच खाचेत बसल्याचा टक्क असा आवाज आला आणि ठिबकणे थांबले. पावसात छपरावर कोणी चढत नाही. ज्या घरात असा बांबू आणि तो चालवणारा माणूस नाही, त्यांनी कौलांच्या फंदात पडू नये, असे मला आता प्रामाणिकपणे वाटते.

भिंतींवर जोत्यालगत वीतभर ओल चढली आहे, पोपडा मात्र एकही नाही. थोडी पांढरी भुकटी दिसली, ती मऊ कुंच्याने झाडली. फडताळातील चादरींना वास नाही.

एका चुलत भावाने मे महिन्यात तयार कपाट विकत घेऊन पाठवले होते, ते भुश्याच्या फळीचे आहे. त्याचा तळ फुगून दार घासू लागले आहे आणि पाठीवर हिरवट बुरशी धरली आहे. विकणाऱ्याने ही हवामानाची अडचण असल्याचे सांगून तक्रार बंद केली. कपाट तूर्त विटांवर उचलून भिंतीपासून पुढे ओढले आहे. त्यावर घरात कोणी काही बोलत नाही.

१५ सप्टेंबर २०२४

७ तारखेला गणपती बसले आणि घर भरले. पहिल्यांदाच इतकी माणसे एका वेळी राहिल्याने बऱ्याच गोष्टी कळल्या. न्हाणीघरातले पाणी दाराकडे येते. उतार मोरीकडे पुन्हा काढावा लागेल. माजघरात प्लगच्या जागा कमी पडतात. काचेची दोन कौले स्वयंपाकघरावर घातल्याने दिवसा दिवा लावावा लागत नाही, पण दुपारी बाराला ऊन नेमके ओट्यावर येते आणि काकूंनी तेथे जुनी गोधडी बांधली आहे.

खर्चाचा हिशेब वाटणीप्रमाणे सर्वांना पाठवला. निम्म्याच्या आसपास रक्कम छपरावर गेली, त्यात पुढचा पाखा उतरवण्याचा अनपेक्षित खर्च मोठा आहे. सामानावर सगळ्यांत कमी लागली, कारण लाकूड घरचे होते. दोन हिस्से जमा झाले, एकाने दिवाळीपर्यंत मुदत मागितली आहे.

३१६ प्रतीच्या बिजागऱ्या अखेर आल्या, त्या मापाने लहान निघाल्या. दुकानदार या खेपेला बदलून देतो म्हणाला आहे. सुतारकाका भातकापणी उरकल्याशिवाय यायचे नाहीत, तोवर न्हाणीघराचे दार जुन्याच बिजागऱ्यांवर राहील. मागच्या पडवीचे दोन खांब तळाशी नरम लागतात. दिवाळीनंतर त्यांची टोके कापून खाली चिऱ्याचे बैठे घालायचे आहेत. त्यासाठी किंजळाचा एक तुकडा गोठ्याच्या माळ्यावर बाजूला काढून ठेवला आहे.